हरायची नोकरी

स्नूकरच्या टेबलावर गुलाबी चेंडू मधल्या पॉकेटपर्यंत गेला, अलीकडच्या कडेला टेकला, थरथरला आणि तोंडाशीच बसला. शेवटची फ्रेम होती, म्हणजे शेवटचा डाव. प्रतिस्पर्ध्याने खुर्चीतून उठून तो आत ढकलला, मागोमाग काळा घालवला आणि सामना संपला. हात मिळवताना तो म्हणाला, "नशीब खराब." पंचही तेच म्हणाले. बाहेर कॉफीच्या यंत्रापाशी उभ्या असलेल्या एका जुन्या खेळाडूनेही तेच ऐकवलं.

बगळ्याने मान हलवली. यात नशिबाचा काही संबंध नाही, हे त्याला चेंडू कडेला लागायच्या आतच कळलं होतं. ही चूक त्याच्या ओळखीची होती. सकाळच्या रिकाम्या क्लबात सराव करून करून ती त्याने स्वतःच हातात बसवली होती.

बगळ्या हे नाव क्लबातल्या लोकांनी ठेवलं, लांब पायांमुळे, आणि टेबलावर वाकला की तो हलत नाही म्हणून. वडील गोदामात फोर्कलिफ्ट चालवतात, मोठी बहीण चष्म्याच्या दुकानात काउंटरवर असते, आई तो शाळेत असतानाच गेली. एकोणिसाव्या वर्षी पात्रता स्पर्धा जिंकून त्याने व्यावसायिक खेळाडूचं कार्ड मिळवलं, तेव्हा गल्लीत भरपूर कौतुक झालं. ते कार्ड दोनच मोसम चालतं आणि तेवढ्यात पुरेसे सामने जिंकले नाहीत तर परत घेतलं जातं, याची चौकशी कौतुक करणाऱ्यांपैकी कोणी केली नाही.

सरावासाठी त्याला सामन्यांत असतं तसं टेबल हवं होतं. तसं टेबल गावात एकाच क्लबात होतं, टायरच्या दुकानावरच्या मजल्यावर. मालक म्हणाला, "टेबल तुझंच समज. सकाळी कितीही खेळ, एक पैसा नको. संध्याकाळी फक्त मेंबरांबरोबर दोन डाव खेळायचे."

पहिले काही दिवस बगळ्याने सगळ्या मेंबरांना हरवलं. मग मालकाने त्याला काउंटरपाशी बोलावलं.

"कंत्राटदार आठवडाभर फिरकले नाहीत. का?"

"मला काय माहीत?"

"तू चुकतच नाहीस, पाळीच न देता त्यांना खुर्चीत बसवून ठेवलंस म्हणून. माणूस इथे बसायला येत नाही. बसायला त्यांचं ऑफिस आहे."

"मग काय, मुद्दाम चुकू?"

"मुद्दाम असं कोण म्हणालं? माणूस चुकतोच. तू जरा जास्त चूक. तुझं काय झिजतं?"

कंत्राटदार हा क्लबातला सगळ्यात मोठा मेंबर. रस्त्यांची कामं घेणारा, जाडजूड, जन्मभर हौसेने खेळलेला. खेळ त्याला कळत होता, तोच खरा त्रास होता. ढोबळ चूक केली की तो डोळे बारीक करायचा. "मला पोर समजतोस का रे?" असं एकदा त्याने विचारलंही. तेव्हापासून चूक खरी वाटायला हवी होती. चेंडू कडेला लागून पॉकेटच्या तोंडाशी थांबला की बघणारा हळहळतो, संशय घेत नाही. शिवाय पुढच्याला तो सहज घालवता येतो. त्यासाठी फटका बसायच्या क्षणी मनगट केसभर सैल सोडावं लागतं. बगळ्याने ते सकाळी घोटलं, जसं बाकी सगळं घोटलं होतं तसंच, पुन्हा पुन्हा, जमेपर्यंत.

कंत्राटदार गावभर सांगत फिरला, "प्रोफेशनलला लोळवला, या हातांनी." क्लबाचे मेंबर वाढले. बगळ्या सामने हरत गेला.

गुलाबी चेंडू चुकल्यानंतरच्या रविवारी दुपारी ताई घरी इस्त्री करत होती. बाबा रात्रपाळी करून आतल्या खोलीत झोपले होते, म्हणून दोघं बहीणभाऊ दबक्या आवाजात भांडले.

"उद्या दुकानात ये, डोळे तपासून घेऊ," ताई म्हणाली. "समोरचा चेंडू दिसेना झालाय तुला."

"डोळे चांगले आहेत."

"मग कुठे घोडं अडतंय?"

त्याने सांगितलं. आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं. ताईने इस्त्री उभी करून ठेवली.

"म्हणजे दोन मोसम तू रोज संध्याकाळी हरायची नोकरी केलीस."

"नोकरी कसली? पगार कुठे होता?"

"तेच म्हणतेय मी. नोकराला निदान पगार असतो."

"टेबल मिळत होतं."

"आणि त्या टेबलावर सकाळी काय शिकायचास? चुकायला."

"हळू बोल, बाबा उठतील."

"उठू देत. लेकाने कष्टाने काय कमावलंय ते त्यांनाही कळू दे."

त्याने आतल्या खोलीचं दार ओढून घेतलं. ताई म्हणाली, "बंद कर हे."

"बंद केलं तर टेबल जाईल. शेवटची स्पर्धा महिन्यावर आलीय. दोन सामने जिंकले तर कार्ड राहतं, नाहीतर गेलं."

"आणि बंद नाही केलंस तर?"

ताईने पुन्हा इस्त्री उचलली आणि बाबांच्या सदऱ्यावर गरजेपेक्षा जोरात फिरवली.

सोमवारी संध्याकाळी कंत्राटदार मेव्हण्याला घेऊन क्लबात आला. "यांना वाटतं मी थापा मारतो," तो मालकाला म्हणाला. "आज डोळ्यांनी बघू देत." मालकाने काउंटरमागून बगळ्याकडे पाहून भुवई उचलली. तीन फ्रेमांचा सामना ठरला.

कंत्राटदाराने सुरुवात केली आणि एक लाल चेंडू मोकळा सुटला. बगळ्या वाकला. त्यानंतर कंत्राटदार जो खुर्चीत बसला तो फ्रेम संपेपर्यंत. बगळ्याला इतका राग आला होता की तो हळुवार फटका मारतच नव्हता. चेंडू पॉकेटच्या मागच्या कातड्यावर धाडधाड आदळत होते. दुसऱ्या फ्रेममध्ये कंत्राटदाराला दोनदा उठायला मिळालं.

"भाऊजी, खुर्ची मऊ आहे ना?" मेव्हण्याने विचारलं.

कंत्राटदार हसला नाही. क्यूच्या, म्हणजे खेळायच्या काठीच्या, टोकाला खडू घासत त्याने विचारलं, "आज काय झालंय रे तुला?"

"आज काही नाही झालं. इतर दिवशी व्हायचं."

खडू थांबला. कंत्राटदार खेळ जाणणारा माणूस होता, त्याला फोड करून सांगावं लागलं नाही.

"मागच्या आठवड्यातला तो निळा..."

"तोही."

"माझ्या वाढदिवसाला?"

"त्या दिवशी मालकांनी दोनदा खुणावलं होतं."

कंत्राटदार मालकाकडे वळला. "इतके दिवस मला खेळवत होतास तू?"

"अहो, पोरगं हरून आलंय. डोकं फिरलंय त्याचं, मनावर काय घेता," मालक म्हणाला.

कंत्राटदाराने आपला क्यू दोन भागांत सोडवून पेटीत ठेवला. दाराशी थांबून तो बगळ्याला म्हणाला, "त्याचं सोड, तो दुकानदार आहे. तू खेळाडू ना? तू पहिल्याच दिवशी सांगायचंस." बोलणं खरं होतं, आणि ते या माणसाच्या तोंडून ऐकावं लागलं म्हणून बगळ्या जास्तच पेटला.

मेव्हणा जिना उतरेपर्यंत मालक थांबला. मग म्हणाला, "खाल्ल्या घरचे वासे मोजतोस? उद्यापासून इथे पाय ठेवायचा नाही."

"क्यू घेऊन जातो."

"ने की. टेबल नसलं की नुसती काठी आहे ती."

बाबांना सगळं कळलं तेव्हा ते रात्रपाळीला निघाले होते. बूट चढवताना एवढंच म्हणाले, "आधी सांगितलं असतंस तर त्याची टेबलं फोर्कलिफ्टवर घालून रस्त्यात मांडून आलो असतो."

महिनाभर बगळ्या रोज बसने शेजारच्या गावातल्या क्लबात गेला. बसचं आणि टेबलाचं भाडं ताईने भरलं. तिथलं कापड जुनं होतं, चेंडू रेंगाळायचे. तो एकच फटका मारत बसायचा: मधल्या पॉकेटात गुलाबी. दिवसभर चेंडू आत जात, मग अचानक मनगट सैल पडायचं आणि चेंडू तोंडाशी थांबायचा. एकदा त्याने भिंतीवर लाथ मारली आणि पुढचे चार दिवस लंगडत खेळला.

शेवटच्या स्पर्धेतला पहिला सामना त्याने सरळ जिंकला. दुसरा शेवटच्या फ्रेमवर आला. त्यातही मनगट एकदा सैल पडलं. तपकिरी चेंडू पॉकेटच्या तोंडाशी बसला आणि बगळ्या खुर्चीत जाऊन बसला, क्यू दोन्ही हातांनी आवळून. समोरच्याने तपकिरी घातला, निळा घातला आणि घाईत गुलाबी चुकवला. बगळ्या उठला. गुलाबी आणि काळा त्याने इतक्या जोरात घातले की पंचांनी वर पाहिलं. कार्ड राहिलं. छायाचित्रकाराने हसायला सांगितलं, ते त्याने ऐकलं नाही.

गावात परतला तेव्हा टायरच्या दुकानावर, रस्त्याच्या अर्ध्या रुंदीएवढा कापडी फलक लागला होता. त्याचं चित्र, आणि खाली मोठ्या अक्षरांत: इथेच शिकला.

तो जिना चढून गेला. मालक हात पसरून पुढे आला. "ये रे ये. झालं गेलं विसर. टेबल तुझंच आहे."

"तो फलक उतरवा."

"अरे, वाचलास तरी का? तुझीच स्तुती आहे."

"वाचला. काय शिकलो तेही खाली लिहा, मग राहू दे."

मालक मेंबरांकडे बघून हसला. मेंबरांपैकी कोणी हसलं नाही. त्यातले बरेच जण एव्हाना आपापल्या जिंकलेल्या फ्रेमा आठवत होते.

बगळ्या खाली गेला, टायरवाल्याकडून शिडी मागून आणली आणि वर चढला. दोऱ्या पक्क्या बांधल्या होत्या. टायरवाल्याने खालून चाकू दाखवला, त्याने नको म्हणून मान हलवली. एकेक गाठ हातानेच सोडवायला वेळ लागला. शेवटी कापड गुंडाळून त्याने ते मालकाच्या काउंटरवर नेऊन टाकलं आणि शेजारच्या गावची बस पकडायला निघाला.