हलणारा नुक्ता

मी स्वभावाने भित्री नाही, चिडकी आहे. त्यामुळे कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर तो ठिपका पहिल्यांदा दिसला तेव्हा मला भीती वाटली नाही, राग आला. आदल्याच दिवशी हे अक्षर साफ करून ठेवलं होतं. मी तो पुसायला गेले, तर तो माउसच्या पकडीत येईना.

माझं काम अक्षरं काढण्याचं. कॉम्प्युटरवरच्या फॉन्टमधलं एकेक अक्षर कोणीतरी बसून रेखलेलं असतं, तसं रेखणाऱ्यांपैकी मी एक. आधी देवनागरी करायचे, आता बरीच वर्षं अरबी-फारसी करते. गंगापूर रोडवरच्या आमच्या फ्लॅटची मागची खोली हेच माझं ऑफिस. नातेवाइकांना याची भारी गंमत वाटते. रामकुंडावर पूजा सांगणाऱ्याची मुलगी आणि उलटीकडून लिहिते, हे प्रत्येक लग्नात एकदा तरी ऐकावं लागतं.

या लिपीत एकाच अक्षराची चार रूपं असतात. एकटं असताना एक, शब्दाच्या सुरुवातीला दुसरं, मध्ये तिसरं, शेवटी चौथं. शब्दाच्या मध्ये आलं की बे, ते, नून, ये ही सगळी मंडळी अंग चोरून बसतात आणि प्रत्येकाचा उरतो तो एकसारखा छोटासा दात. कोण कुठलं ते फक्त नुक्त्यांवरून, म्हणजे ठिपक्यांवरून ओळखायचं. खाली एक असेल तर बे, वर एक असेल तर नून. त्यातून अरबीतला शेवटचा ये पोटाखाली दोन नुक्ते बाळगतो आणि फारसीतला तोच ये बिननुक्त्याचा. मला एकाच फॉन्टमध्ये दोघांनाही नांदवायचं होतं. त्यामुळे दिवसभर मी ठिपकेच बघत असते.

त्या दिवशी एक जास्त होता. मी पान छापून पाहिलं, तर कागदावरही होता. चष्मा पुसला. मग समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे पाहिलं, आणि तिथेही तो होता. डोळा उजवीकडे नेला की तो मागोमाग यायचा, जरा रेंगाळत, पाण्यात पडलेल्या काडीसारखा. त्याच वेळी डाव्या डोळ्याच्या कडेला काहीतरी लखलखून गेलं. खोलीत दिवा नव्हता, बाहेर लख्ख ऊन होतं. माझा राग कुठल्या कुठे गेला आणि मी घाबरले.

कारण हे मला ऐकून माहीत होतं. वडिलांना असेच ठिपके दिसले होते, अशीच वीज चमकली होती. त्यांनी ते घरात सांगितलं ते सगळं होऊन गेल्यावर. डोळ्याच्या आतला पडदा सुटला होता. ऑपरेशन झालं, पण उजव्या डोळ्याला पुढे नुसता उजेड कळायचा. त्यांचं काम अडलं नाही, सगळं तोंडपाठ होतं. त्यानंतर रोज सकाळी ते गॅलरीत उभे राहायचे, उजवा डोळा तळहाताने झाकायचे आणि समोरच्या देवळाच्या शिखराकडे बघत काहीतरी पुटपुटायचे. त्यांच्या नित्यकर्मात एका स्तोत्राची भर पडली, असं आम्ही भावंडं समजत होतो आणि त्यांच्या माघारी डोळ्यावर हात ठेवून हुबेहूब नक्कल करायचो.

नवरा सातपूरला पहिल्या पाळीला गेला होता. कारखान्यात मोबाईल लॉकरमध्ये ठेवावा लागतो. तरी मी त्याला दोनदा फोन लावला. खरं तर सरळ दवाखाना गाठायला हवा होता, पण डॉक्टरांनी पाहिलं की ते खरं ठरणार, अशी माझी समजूत होती. त्या दिवशी छापलेली पानं सरांना दाखवायची होतीच, ते निमित्त मी धरलं. सर म्हणजे जुन्या नाशकात राहणारे निवृत्त उर्दू शिक्षक. ही लिपी मला त्यांनी शिकवली आणि माझं प्रत्येक पान आजही त्यांच्या नजरेखालून जातं.

मी त्यांच्यासमोर पान ठेवलं आणि त्या दातावर बोट ठेवून विचारलं, इथे एक नुक्ता जास्त आहे ना? त्यांनी भिंग लावून पाहिलं आणि नाही म्हणाले. मी म्हटलं, पुन्हा बघा. त्यांनी पुन्हा पाहिलं. मग भिंग खाली ठेवून ते कागदाऐवजी माझ्याकडे बघत राहिले.

"बेटा, हा नुक्ता कागदावर नाही, तुझ्या डोळ्यात आहे. चल, ऊठ."

रिक्षात ते पानांचा लिफाफा मांडीवर घेऊन माझ्या शेजारी बसले. एरवी खड्ड्यांवरून मी महापालिकेचा उद्धार करते, त्या दिवशी दोन्ही हातांनी डोकं धरून बसले होते. प्रत्येक धक्क्याला वाटायचं, पडदा सुटला. मध्येच कोणीतरी मिरपूड उडवावी तसे ठिपकेच ठिपके झाले. मी रिक्षावाल्यावर ओरडले, हळू चालवा म्हणून. तो आधीच हळू चालवत होता.

दवाखान्यात नर्सने माझ्या डोळ्यांत थेंब घातले आणि बाहेर बसवलं. बाहुल्या मोठ्या होईपर्यंत थांबायचं होतं. हळूहळू समोरच्या पाटीवरची अक्षरं फुगली, मग विरघळली. थेंबांमुळे असं होतं हे तिने सांगितलेलं होतं आणि मला ते कळतही होतं. तरी मी सरांकडून लिफाफा घेतला, एक पान काढलं आणि डोळ्यांपाशी धरलं. सगळे दात बोडके दिसत होते. बे, ते, नून, ये, कोण कुठलं काहीच कळेना. पुढचं सगळं आयुष्य हे असं, असं वाटून मला रडू फुटलं.

"सर, मला दुसरं काही येत नाही," मी म्हणाले.

त्यांनी माझी समजूत काढली नाही. माझ्या हातातलं पान घेतलं आणि हलक्या आवाजात वाचायला लागले. ती चाचणीची पानं, नुसती शब्दांची भरताड, एका शब्दाचा दुसऱ्याशी संबंध नाही. बाकीचे पेशंट आमच्याकडे बघायला लागले. सर वाचत राहिले आणि मी डोळे मिटून ऐकत राहिले. शब्द कानावर पडला की त्यातला नुक्ता कुठे बसवलाय ते मला आपोआप समोर दिसायचं. माझं नाव पुकारलं जाईपर्यंत तेवढाच आधार होता.

पडद्याला चीर पडली होती, पण तो सुटलेला नव्हता. डॉक्टरीणबाई माझ्याहून लहान होत्या आणि मुळीच घाईत नव्हत्या. म्हणाल्या, लेझरने आजच चिरेभोवती टाके घातल्यासारखं करून टाकू, उद्यावर ढकललं नाहीत ते बरं केलंत. यंत्रासमोर हनुवटी टेकवून मी हिरव्या प्रकाशाचे फटकारे सोसले. दुखण्याचं मला काही नव्हतं, चुकून हलेन याचाच धसका होता. शेवटी त्यांनी सांगितलं की हे ठिपके आता बहुतेक राहतीलच, त्यांची सवय होईल. मात्र रोज एकेक डोळा झाकून बघत जा, कडेने काळी सावली दिसली तर लगेच या.

आता काम करताना मी आधी डोळा हलवते. बरोबर येतो तो नुक्ता माझा, जागेवर राहतो तो अक्षराचा. काम चालतं.

पण सांगायचं आहे ते दुसऱ्या दिवशी सकाळचं. मी गॅलरीत उभी राहिले, उजवा डोळा तळहाताने झाकला आणि समोरच्या इमारतीकडे बघायला लागले. टाकी आहे. शिडी आहे. वायर आहे. वाळत घातलेली पिवळी चादर आहे. कडेची कुंडी, तीही आहे. मग माझ्या लक्षात आलं, माझे ओठ हलत होते.

ते स्तोत्र नव्हतं. वडील रोज सकाळी उरलेला डोळा तपासत होते. शिखर आहे, कळस आहे, झेंडा आहे. एवढी वर्षं, रोज, एकटे घाबरत होते आणि मग आत येऊन चहा मागत होते.

मागून नवरा आला. "अगं, काय पुटपुटतेयस?" त्याने विचारलं.

"घाबरलेय," मी म्हणाले. "आता रोज घाबरणार आहे. तू इथे उभा राहा."

तो उभा राहिला. मी हात दुसऱ्या डोळ्यावर ठेवला आणि पुन्हा टाकीपासून सुरुवात केली, या वेळी मोठ्याने.