घसा खाकरून

माझी लेक मृण्मयी फोनवर बोलण्याआधी घसा खाकरते आणि आवाज सपाट करून घेते. काल गॅलरीत मैत्रीण नेहाचा फोन उचलतानाही तिने तेच केलं. मी आत बसून पाहत होतो.

साथीच्या काळात ती इंटर्न होती. वॉर्डात नातेवाइकांना सोडत नसत, म्हणून रोज दुपारी यादी घेऊन त्यांना फोन करायचं काम तिच्याकडे आलं. पेशंट गेला असेल तर समोरच्याला आधी बसायला सांगायचं, एवढंच सिनियरने शिकवलं होतं. यादी संपली की ती मला फोन करायची.

एकदा मी फोन उचलला तर म्हणाली, "नमस्कार. पेशंटचे कोण आपण?"

"मृणू, मी बाबा."

पलीकडे यादीचे कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "सॉरी बाबा. यादी संपल्याचं लक्षातच आलं नाही."

मी विचारलं, "जेवलीस का?" ती हो म्हणाली. त्यापुढे विचारायची माझी हिंमत झाली नाही. माणसं वाचवायला शिकेल म्हणून पाठवलेली पोर आधी न रडता बोलायला शिकली, आणि ते शिकताना तिच्याजवळ कोणीच नव्हतं. मीही नव्हतो.

काल बोलणं संपवून ती आत आली. माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाली, "बाबा, तुम्ही बसलाय ना?"

मी बसलेलोच होतो.

"नेहाला मुलगी झाली."