पांढऱ्या बाईची हळद

जे लिहितोय ते आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मुलीलाही नाही. ती आता सातवीत आहे आणि मासिक आलं की आधी हेच सदर उघडते… म्हणजे तिला हे इथेच कळेल. समोर बसवून सांगायचं मला जमलं नाही, एवढंच.

मी तलासरीच्या एका शाळेत ड्रॉइंग मास्तर आहे. राहतो डहाणूत, स्टेशनच्या पश्चिमेला, दोन खोल्यांच्या भाड्याच्या जागेत. भूत, करणी, अंगात येणं यातलं काहीही मी कधी मानलं नाही. संकष्टीला मटण खाल्लेला माणूस मी. देव्हारा सगळा बायकोच्या खात्यात होता.

नाद मला एकच – जुन्या चिनी मातीच्या बायका. डहाणू-घोलवड-बोर्डीच्या पट्ट्यात पारशी-इराणी लोकांच्या चिकूच्या वाड्या आहेत. कुणाचा पणजा चीनच्या व्यापारात होता, त्यानं बोटीतून आणलेल्या या बाहुल्या जुन्या बंगल्यांच्या कपाटांत उभ्या असायच्या. ऐंशीच्या दशकात पुढची पिढी मुंबईला, परदेशात जायला लागली तशी बंगल्यांतली चीजवस्तू बाहेर पडू लागली. मी भंगारवाल्याच्या आधी पोचायचो. पंखेवाली, कमळवाली, धक्का लागला की मान डोलावणारी… पगारात बसेल तेवढं घेत गेलो. काचेचं कपाट करून घेतलं, त्याला कुलूप. किल्ली कायम माझ्या खिशात.

माझी बायको वसुधा – मी वसू म्हणायचो – त्यांना ‘माझ्या चिनी सवती’ म्हणायची. पाहुणे आले की, या, माझ्या सवती दाखवते, म्हणून कपाटापाशी घेऊन जायची. हसून म्हणायची, पण कपाट उघडून मागायची नाही. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मूल नव्हतं. त्यावर आम्ही दोघंही बोलत नसू.

शिरीनमाय ही एका वाडीतली म्हातारी पारशीण, एकटीच राहायची. तिच्याकडे एक पांढरीशुभ्र बाई होती, मांडीवर मूल घेऊन बसलेली. तशी वस्तू मी आयुष्यात पाहिली नव्हती. उन्हात धरली की पांढऱ्यातून गुलाबी उजेड यायचा, आपला तळहात दिव्यासमोर धरल्यावर येतो तसा. बोटं शाबूत. कपाळावर आणि गळ्याशी झिलईला केसाहून बारीक चिरा. मी महिन्यातून दोनदा तरी जायचो, काहीबाही निमित्त काढून. एकदा शिरीनमाय म्हणाली, “मास्तर, तुम्ही मला भेटायला येता के माझ्या कपाटाला?”

मी विकत मागितली. ती नुसती हसली. मग एकदा वसू सोबत आली, तेव्हा शिरीनमायनं स्वतः उठून ती बाई काढली आणि वसूच्या ओटीत ठेवली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. “डिकरी, ही ठेवायची नाय, फिरवायची आहे. माझ्या सासूनं मला दिली तेव्हा माझा रुस्तम झाला. तुझं पोर मांडीवर आलं के ही जानकीला दे. तुझ्या हातानं तिच्या हातात. बाईकडून बाईकडे, असंच.”

जानकी तिथेच चहा घेऊन उभी होती. तलासरीच्या पूर्वेला डोंगराच्या पायथ्याशी तिचा पाडा. हंगामात चिकू काढायला यायची आणि एरवी शिरीनमायचं घरचं बघायची. तिलाही मूल नव्हतं. ती वसूकडे बघून हसली आणि म्हणाली, “वहिनी, लवकर करा मग.” तिघी मोठ्यानं हसल्या. मी त्या बाईच्या बोटांकडे बघत होतो.

त्या चैत्रात आमच्याकडे हळदीकुंकू होतं. चैत्रगौर मांडली की भोवती आरास करतात – खेळणी, बाहुल्या, असेल ते. वसूनं पांढरी बाई गौरीशेजारी मांडली आणि गौरीबरोबर तिलाही हळदकुंकू लावलं. मांडीवरच्या मुलालाही एक बारीक ठिपका. वसू हळद पाण्यात कालवायची, आणि जरा जास्तच पातळ. तिनं लावली की ओघळ नाकाच्या शेंड्यापर्यंत यायचा. आमच्या आळीतल्या बायका चेष्टा करायच्या, वसुधाबाईंकडे यायचं तर पंचा घेऊन यावा लागतो.

मी शाळेतून आलो आणि ते पाहिलं. खोली बायकांनी भरलेली, प्रत्येकीच्या हातात कैरीची डाळ. मी सगळ्यांसमोर ओरडलो. हळद चिरांत उतरते, कायमचा डाग पडतो, अक्कल आहे का काही… असं. बायका एकेक करून उठल्या. वसू पन्ह्याचे पेले गोळा करत राहिली.

दवाखान्यातल्या कंपाउंडरकडून डाग काढायचं औषध आणून मी ती बाई धुतली. बरंचसं निघालं. कपाळावरच्या एका चिरेत पिवळी रेघ राहिली ती राहिलीच.

पुढच्या वर्षी आम्हाला मुलगी झाली.

मी म्हणतो योगायोग. तेव्हाही म्हणालो. वसू बारसं झाल्यावर लगेच म्हणाली, आता पांढरी बाई जानकीला द्यायची. शिरीनमाय तोवर आजारी पडून मुंबईला मुलाकडे गेली होती, तिकडेच वारली. विचारणारं कुणी उरलं नव्हतं.

आता जे केलं ते लिहितो.

मला ती बाई कुडाच्या घरात, चुलीच्या धुरात जाणार हे सहन होईना. जानकीला त्यातलं काय कळणार, असं मी मनाशी म्हणालो. शब्द हेच होते. मुंबईच्या जुन्या बाजारात तशीच एक मिळाली, नवीन, साच्यातली, जड. ती भाताच्या पेंढ्यात गुंडाळली, खोक्यात भरली, सुतळीनं बांधली. वसूला सांगितलं, आता उघडू नकोस, बोटं तुटतील. जानकी आली. वसूनं खोकं तिच्या हातात दिलं, तिची ओटी भरली. जानकी खाली वाकली, आमच्या मुलीच्या पायांना हात लावला आणि गेली. खोकं तिनं पोटाशी धरलं होतं.

खरी मी कपाटात मागच्या बाजूला, पंखेवालीच्या आड ठेवली. काही वर्षं तशीच गेली.

मग वसू आजारी पडली. पोटाचं दुखणं, कळलं तेव्हा उशीर झाला होता. शेवटच्या दिवसांत तिची कॉट बाहेरच्या खोलीत, कपाटासमोर होती. पडल्या पडल्या तिला खालून पंखेवालीच्या आडचं दिसलं असावं. एका दुपारी मी पेज भरवत होतो, ती म्हणाली, “तुम्ही जानकीला दुसरी दिलीत.”

मी म्हटलं, दोन्ही सारख्याच दिसतात गं.

“मग तुम्ही दुसरी का नाही ठेवलीत?”

मी पेज ढवळत राहिलो. तिनं तोंड फिरवलं नाही, रागावली नाही. म्हणाली, “देऊन या हो.” मी म्हटलं, देतो. पेज संपवली तिनं, माझ्यासाठी संपवली असणार. त्यानंतर ती फार दिवस नव्हती.

मी दिली नाही. दुःखात होतो, मुलगी लहान होती, शाळा होती… कारणं सगळी खरी आहेत. आणि ती बाई मला हवी होती, हेही खरं आहे.

पुढचा चैत्र आला. सकाळची शाळा करून मी दुपारी एसटीनं परत आलो. मुलगी सकाळपासून शेजारच्या वहिनींकडे होती, त्यांच्याकडे त्या दिवशी हळदीकुंकू होतं, जिन्यात कैरीचा वास भरला होता. मी दाराचं कुलूप काढलं, पिशवी ठेवली आणि कपाटाकडे पाहिलं.

पांढरी बाई पुढच्या ओळीत होती. पंखेवालीच्या पुढे. कपाळावर हळद आणि कुंकू. हळद ओली होती. ओघळ नाकाच्या शेंड्यापर्यंत आला होता आणि तिथे थेंब होऊन थांबला होता. मांडीवरच्या मुलाच्या कपाळावर एक बारीक ठिपका.

कपाटाला कुलूप होतं. किल्ली माझ्या खिशात, शाळेच्या किल्ल्यांच्या जुडग्यात. फळीवर वसू गेल्यापासूनची धूळ होती, तिच्यात कुठे बोट उठलेलं नव्हतं, बाई सरकवल्याची रेघ नव्हती. वसूचा करंडा तिच्या साड्यांबरोबर ट्रंकेत. मी नंतर काढून पाहिला, कोरडा होता.

मी घाबरलो नाही. हे लोकांना खोटं वाटेल. त्या क्षणी माझ्या डोक्यात काय आलं ते सांगतो – हळद चिरांत उतरेल. एवढंच आलं. मी कुलूप उघडलं, कापूस ओला केला आणि पुसून काढलं. सवयीनं, नीट, वरून खाली. मुलाच्या कपाळावरचा ठिपकाही.

पुसून झाल्यावर हातातल्या पिवळ्या कापसाकडे पाहिलं आणि मग मला कळलं मी काय पुसलं ते.

मुलगी आली तेव्हा मी जमिनीवर बसलो होतो. तिच्या कपाळावर वहिनींनी लावलेलं हळदकुंकू होतं. तिनं विचारलं, बाबा, हात का पिवळे झालेत? मी म्हटलं, रंग आहे, शाळेतला.

त्या रविवारी मी पांढरी बाई वसूच्या शालीत गुंडाळली आणि तलासरीहून जीपनं जानकीच्या पाड्यावर गेलो. मनात वाक्यं जुळवत होतो. घर सापडलं. अंगणात एक तरुण बाई भात पाखडत होती, कडेवर मूल, दुसरं पायाशी. जानकी कुठे विचारलं. तिनं मला बसायला खाट दिली, पाणी दिलं, मग सांगितलं. जानकीला मूल होईना म्हणून नवऱ्यानं हिला आणलं. जानकी वर्षभर राहिली दोघांबरोबर. मग गेली. वापीकडे, कारखान्यात कुठे तरी, नीट कुणाला ठाऊक नाही.

बोलता बोलता माझं लक्ष दारातून आत गेलं. कोनाड्यात ती होती. मी दिलेली, साच्यातली. धुरानं काळवंडलेली, कपाळ हळदीनं माखलेलं.

मी विचारलं, ही…?

“तिनीच दिली जाताना. माझ्या हातात ठेवली. बोलली, मना नाय झाला, तुला होईल. ही हातातूनच हातात जाते, बोलली.” मग मुलाचं नाक पुसत म्हणाली, “माझी सवत होती, पण वाईट नव्हती.”

मी शाल उघडली नाही. तशीच परत आणली.

यावर बरंच डोकं चालवलं आहे मी. त्या दुपारी मला भास झाला म्हणावं, तर कापूस पिवळा होता, मुलीनं माझे हात पाहिले होते. आणि भास नव्हता म्हणावं, तर मग शिरीनमायचंही खरं मानावं लागतं. मग जानकीपासून मी काय काढून घेतलं ते नुसती मातीची बाहुली राहत नाही. पण त्या दुसऱ्या बाईला तर माझी खोटी मिळूनही मुलं झाली… या ठिकाणी येऊन मी दर वेळी थांबतो. मूर्ती खरी की खोटी यापेक्षा ती कुणी कशी दिली यात काही असेल का, हेही मनात येतं. मला माहीत नाही. स्पष्टीकरण माझ्याकडे नाही.

बाकीच्या बाहुल्या मी देऊन टाकल्या. कपाटात आता ती एकटी आहे. कुलूप काढून टाकलं आहे. दर चैत्रात त्या दिवशी रजा काढतो आणि समोर खुर्ची टाकून बसतो. ट्रंकेतला करंडा काढून फळीवर ठेवला आहे, शेजारी वाटीत पाणीही ठेवतो. काही होत नाही. एकदाच आलं होतं, ते मी पुसलं. कपाळावरच्या चिरेत ती जुनी पिवळी रेघ मात्र आहे. पूर्वी डोळ्यांत खुपायची. आता कधी फिकी वाटली की जीव घाबरा होतो.

सुट्टीत वापीला जातो. कारखान्यांच्या फाटकांवर पाळी सुटताना उभा राहतो, विचारतो. सिल्वासालाही जाऊन आलो. जानकी नावाच्या पुष्कळ बायका आहेत.

ती सापडली तरी मला ती बाई देता येणार नाही. बाईच्या हातातून बाईच्या हातात, असं शिरीनमाय म्हणाली होती. वसू नाही. म्हणजे माझ्या मुलीनंच ती जानकीच्या हातात ठेवायला हवी, आणि का द्यायची ते तिला माहीत असायला हवं. म्हणून हे लिहिलं.

पांढरी बाई जानकीची आहे. मी ती अजून दिलेली नाही.