टाकीचं झाकण

संगमनेरच्या नाक्यावरचा तो मिस्त्री गाडीला काय झालं, असं कधी विचारायचा नाही. "तुमी काय केलं?" एवढंच विचारायचा. मला राग यायचा.

मी मिशनच्या डॉक्टरांचा ड्रायव्हर. गाडी चार मैलांवर बंद पडायची आणि थोड्या वेळानं आपोआप सुरू व्हायची. माझं डोकं चालेना.

मिस्त्रीनं पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडलं. फुस्स आवाज झाला.

"झाकनातलं हे भोक कुनी बुजवलं?"

"मीच. लढाईमुळं पेट्रोल मोजून मिळतं, उडून जाऊ नये म्हणून मेण लावलं."

"हवा आत गेल्याबिगर पेट्रोल उतरत न्हाई." त्यानं टाचणीनं मेण काढून माझ्या हातावर ठेवलं.

तेवढ्यात डॉक्टर आले. "काय झालं होतं?"

"कचरा हुता, सायब."

मेण माझ्या मुठीत मऊ होत होतं. हा माणूस माझ्यासाठी खोटं का बोलला, ते मला कळेना.