पुठ्ठा वाजवणारे हुसेनचाचा

कुठलंही पुस्तक हातात आलं की हुसेनचाचा आधी त्याच्या पुठ्ठ्यावर टिचकी मारायचे. बाजारात नारळ वाजवून बघतात तशी, कानाजवळ धरून. कुवेतमधल्या अर्दिया भागातल्या आमच्या बाइंडिंगच्या वर्कशॉपमध्ये हॉटेलांची मेनूकार्डं आणि कंपन्यांच्या डायऱ्या यायच्या. त्यांचीही सुटका नसे. काम वेळेत काढणं माझ्याकडे होतं. "चाचा, डायरी आहे ती, कलिंगड नाही," मी म्हणायचे. "वाजवल्याबिगर आत काय हाय ते कसं कळणार गो बाय?" हे ठरलेलं उत्तर.

चाचा रायगडच्या किनाऱ्यावरचे. गावात त्यांच्या शेजारी एलोजीबाबा राहायचे. ते शनिवार तेली, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणारे आपल्या कोकणातले ज्यू. स्वतःची प्रार्थनेची पुस्तकं ते स्वतःच शिवत. चाचा पुस्तक शिवायला शिकले ते त्यांच्याच ओसरीवर. पुढे ते कुटुंब इस्रायलला गेलं आणि चाचा कुवेतला आले.

एकदा एक वयस्कर कुवेती डॉक्टर एक पुस्तक घेऊन आले. ज्यूंच्या गूढविद्येचं, काही शतकांपूर्वी छापलेलं. डॉक्टरांच्या आजोबांचे ज्यू शेजारी कुवेत सोडून गेले, तेव्हा ते सांभाळायला देऊन गेले होते. पानांवर मेणाचे थेंब, एका पानावर दहा वर्तुळांचं झाड. पुठ्ठे मात्र किडीनं खाल्लेले. चाळिशी उलटल्याशिवाय हे वाचायचं नाही, अशी त्या लोकांत रीत होती म्हणे. मी चाचांना ते सांगितलं. "चाळिशीनंतर? तवा तर चष्म्याबिगर दिसतच नाय!"

चाचा दुपारच्या नमाजाला गेले. तेवढाच वेळ वाचेल म्हणून मी जुने पुठ्ठे सोडवले आणि बाहेरच्या कचरापेटीत टाकून आले.

"पुठ्ठे कुठं हायत?" आल्या आल्या चाचांनी विचारलं.

"टाकले. कुजले होते."

"वाजवलंस?"

मी बाहेरच्या कचरापेटीकडे बोट दाखवलं. दुखऱ्या गुडघ्याचा तो माणूस भर उन्हात कमरेपर्यंत कचऱ्यात उतरला. "चाचा, बाहेर या, नवे चार देते!" मी ओरडत राहिले. ते पुठ्ठे घेऊनच वर आले. तोवर कुणीतरी त्यांवर चहा ओतला होता. चाचांनी ते पाण्यात भिजवले आणि थर हलकेच सोडवले. आतून हिब्रू छापील पानांचे तुकडे निघाले. जुन्या काळी रद्दीतली पानं एकावर एक चिकटवूनच पुठ्ठा करत, हे मला तेव्हा कळलं.

"यांत देवाचं नाव असंल. एलोजीबाबा असली पानं मयतासारखी पुरायचे."

"मी प्लॅस्टिकच्या फायलीत लावून ठेवते."

"मेलेल्याला फायलीत लावतात काय गो?"

मी डॉक्टरांना फोन करून माझी चूक सांगितली, पानं पुरायच्या रीतीचंही सांगितलं. ते म्हणाले, "ही रीत पाळायला इथं आता त्यांच्यातलं कोणी उरलं नाही. तुमच्या चाचांना जमेल का?"

चाचा त्याच महिन्यात कायमचे घरी निघाले होते. जायच्या आधी त्यांनी पुस्तक पुरं केलं. मेणाचे थेंब मात्र खरवडू दिले नाहीत. "वाचणाऱ्याची खूण हाय ती. राहू दे." मग तुकडे मलमलीत बांधून हातातल्या पिशवीत ठेवले.

"एअरपोर्टवर विचारतील, चाचा."

"सांगेन, शेजाऱ्याचं सामान हाय."

आठवड्यानं फोन आला. "तेल्यांच्या कबरस्तानात निजवली गो. वर दगड ठेवलाय." मी "बरं" म्हटलं. समोर डायऱ्यांची चळत होती.

गेल्या वर्षी चाचा गेले. त्यांच्या पुतण्यानं कळवलं. रडून झाल्यावर त्यानं आवाज खाली आणला.

"मॅडम, एक विचारू? चाचांनी कुवेतहून आणून तेल्यांच्या कबरस्तानात काहीतरी पुरलंय. गावात म्हणतात, सोनं हाय. पोरं कुदळ घेऊन जायच्या गोष्टी करतात. तुम्हाला ठाऊक आसंल."

"मला माहीत आहे. पुठ्ठे आहेत."

"पुठ्ठे?"

"शेजाऱ्याचं सामान आहे," मी म्हटलं. "मी फेकलं होतं, चाचांनी पोचवलं. कुणाला हात लावू देऊ नकोस."