क्वाबेनाला शाल कोणी घातली

मंडळी, आज ईडन प्रेरीच्या शाळेत आपल्या मराठी मंडळाचा मुलांचा क्रीडा बक्षीस समारंभ झाला. सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. प्रमुख पाहुणा क्वाबेना. मूळचा घानाचा, इथे अमेरिकेत आपल्या भागातल्या व्यावसायिक फुटबॉल संघात खेळतो. खरं तर आपण एका जास्त प्रसिद्ध खेळाडूला बोलावलं होतं. तो येणार नाही कळल्यावर याला फोन केला.

चहाच्या वेळी मी विचारलं, "खेळ ठीक आहे, पण जॉब कुठे करता?"

"हाच जॉब आहे, मॅडम," तो शांतपणे म्हणाला.

तेवढ्यात शाळेचा सफाई कर्मचारी खुर्च्या लावायला आला आणि क्वाबेनाला पाहून जागीच थांबला. तोही घानाचा. त्याने क्वाबेनाचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. डोळे भरून आले होते. मला म्हणाला, "गावी याला बाजारातून चालता येत नाही, माणसं खांद्यावर घेतात. इथे कोणी ओळखत नाही?"

क्वाबेना हसला. "मॅच बघायला ये. जागा भरपूर असते."

सत्काराची वेळ आली तेव्हा मी शाल त्या कर्मचाऱ्याच्या हातात दिली.

अध्यक्ष देशमुख कुजबुजले, "अहो ताई, शाल मी घालायची ठरलं होतं."

"तुम्ही त्याची एक तरी मॅच पाहिलीय?"

ते परत खुर्चीत बसले. मीही पाहिलेली नाही, हे तिथे बोलले नाही. इथे सांगते.

शनिवारी त्याची मॅच आहे. मी जाणार आहे. कोण येतंय?