मामांचे बारा खांब

अख्ख्या बंगळुरूत माणसांच्या आधी खांबांची चौकशी करणारा गृहस्थ एकच, आणि तो नेमका माझा मामेसासरा निघावा हे माझं भाग्य. घराणं कैक पिढ्या इथलंच. जन्मभर सिमेंट विकून निवृत्त झाल्यावर मामांना लाकडी घरांचं वेड लागलं. माझी बायको याला प्रायश्चित्त म्हणते. शेतावरचं जुनं घर दिसलं की ते मला गाडी थांबवायला लावतात, परक्याच्या ओसरीत शिरतात आणि खांबाला कान लावून बोटाने ठोकतात. माझ्या मेहुणीच्या साखरपुड्यात मुलाकडच्यांच्या दिवाणखान्यातला खांब त्यांनी असाच ठोकला आणि "पोकळ आहे. माणसं मात्र भरीव दिसतात," असा निकाल दिला. तरीही लग्न झालं, हे त्या माणसांचे उपकार. खिळ्याशी मामांचं हाडवैर. जुने सुतार तुळईचं टोक खांबाच्या खाचेत बसवून लाकडी खुंटी मारत, म्हणून असं घर सोडवून दुसरीकडे उभं करता येतं, हे ते मला व्हाइटफील्डच्या ट्रॅफिकमध्ये समजावतात. तिथून पळता येत नाही.

देवनहळ्ळीजवळचे शेतकरी रामण्णा यांनी शेत प्लॉट पाडायला लेआउटवाल्यांना दिलं आणि त्यांच्या बारा खांबी घरावर जेसीबी येणार असं ठरलं. मामांचा थोडं पुढे एक प्लॉट होता. हे घर तिथे जसंच्या तसं उभं करायचं, एवढं एकच स्वप्न त्यांनी म्हातारपणासाठी राखलं होतं. रामण्णा म्हणाले, जुनं लाकूड तर आहे, खुशाल न्या. मामांनी दोन म्हातारे सुतार गाठले, प्रत्येक तुकड्यावर खडूने नंबर घातला आणि करवत न लावता चार दिवसांत घर सोडवलं. फणसाचे बारा खांब अंगणात ओळीने निजले, एकही किडलेला नाही. रामण्णा त्या ओळीवरून हात फिरवत गेले आणि टोकाला जाऊन थांबले.

"अण्णा, रागावू नका," ते कानडीत म्हणाले, "हे आता देववत नाही. नव्या घरापुढे उभं करतो."

मला वाटलं मामा भांडतील. त्यांनी खडू खिशात ठेवला. "सरी, ठीक आहे. घर तुमचंच, मी स्वल्प ओळख करून दिली," म्हणाले, आणि कुठला खांब कुठे बसतो ते कागदावर काढून दिलं. परतताना मात्र वाटेत एक जुनं घर दिसलं, तरी त्यांनी गाडी थांबवायला लावली नाही. मला फार वाईट वाटलं.

गेल्या रविवारी त्यांच्या प्लॉटवर गेलो, तर फणसाची बारा रोपं लावलेली. अंतरं टेपने मोजून, रामण्णांच्या घरातल्या खांबांइतकीच.

"चाळीस वर्षांत खांब तयार," पंचाहत्तरीचे मामा समाधानाने म्हणाले. "तोवर एक चांगला सुतार बघून ठेवायला हवा."

बघू या, म्हटलं, आणि पाण्याचा पाइप त्यांच्या हातातून घेतला.